पेटलेलं रान आणि पळालेले फ्रेंच

फ्रेंच सैन्य रानाच्या कडेपर्यंत येऊन ठेपलं होतं. गावाला तट नव्हता, धड बंदुका नव्हत्या. तेवढ्यात रानाच्या तोंडाशी एक जनरल येऊन उभा राहिला. अंगावर लष्करी पोशाख आणि छातीपर्यंत पांढरी दाढी. म्हणाला, ‘इथून पुढं यायचं नाही.’ फ्रेंच हसले. मग त्यानं हात वर केला आणि रानातले ओक एकामागून एक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटले. फ्रेंचांनी जी पाठ दाखवली ती दाखवलीच. तो जनरल म्हणजे संत आंतोनियो. साल 1799. गाव फारा फिलिओरुम पेत्री.

एवढं सांगून नोन्ना पुन्हा कणकेकडे वळल्या. माझी मुलगी किएतीच्या विद्यापीठात शिकत होती, तिच्या घरमालकिणीच्या या आई. नव्वदीच्या आसपासच्या. सगळे त्यांना नोन्ना, म्हणजे आजी म्हणायचे, म्हणून मीही. याच संताच्या सणाची तयारी चालली होती. पिठात पांढरी वाईन आणि ऑलिव्हचं तेल घालून मळलेली कणीक, आत काळ्या द्राक्षांचा आटवून आटवून घट्ट केलेला मुरांबा आणि कुटलेले बदाम. पारी दुमडायची, कडा दाबायच्या आणि एका टोकाला चिमटीनं चोच काढायची की झाला पक्षी. त्या बोलत होत्या गावच्या बोलीत. माझी मुलगी त्याचं मराठी करायची आणि मध्येच अडली की घरमालकीण शुद्ध इटालियनमध्ये तिला सोपं करून द्यायची. अशा तीन चाळण्यांतून गोष्ट माझ्यापर्यंत पोचत होती, तरी तिचा ठसका कमी झाला नव्हता.

‘हे कुणी पाहिलं?’ मी विचारलं.

‘माझ्या आजीच्या आजीनं. तिनं ती राख हातात घेतली होती.’

नोन्नांचा जन्म 1930 च्या दशकातला. आजी आणि आजीची आजी असा हिशेब मांडला, तरी आपण जेमतेम 1810 पर्यंत जाऊन पोचतो. एक आजी कमी पडत होती. मी ते बोलले नाही. चोच काढायला पुढचा पक्षी ओढला.

फारा हे इटलीच्या पूर्व अंगाला, आब्रुत्सो प्रांतात, मायेल्ला पर्वताच्या पायथ्याशी वसलेलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. वर बघावं तर मायेल्लाचं बर्फ. त्याचं सगळ्यात उंच शिखर 2793 मीटरचं. दुसऱ्या बाजूला ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या टेकड्या उतरत उतरत एड्रियाटिक समुद्राला जाऊन मिळतात. एरवी या गावाकडे कुणी ढुंकून पाहणार नाही. पण 16 जानेवारीला गावाच्या पंधराएक वाड्या आपापली एक अजस्र मशाल घेऊन चर्चपुढच्या मैदानात येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा राहत नाही. या मशालीला म्हणतात फार्किया.

फार्किया म्हणजे बोरूची मोळी. पण कसली मोळी! आठ-दहा मीटर लांब आणि माणसाच्या कवेत न मावणारी. ओढ्याकाठी उगवणारा उंच बोरू हिवाळ्यात कापायचा, पानं सोलून साफ करायचा, सुकवायचा. मग एखाद्याच्या शेडमध्ये किंवा अंगणात तो आडवा रचून, दोरखंडाचा फास टाकून आवळत न्यायचं आणि लालसर वाळुंजीच्या फांद्या पिळून त्यांचे बंध घालायचे. खरी कसोटी या बंधांची. वीत-दीड वीत अंतरानं एकेक बंध आणि सगळ्यांच्या गाठी एका रेषेत. शेजारच्या वाडीची माणसं येऊन बघतात ती गाठीच बघतात. एक गाठ तिरकी गेली तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी गेले त्या शेडमध्ये सत्तरीचा एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता आणि त्याचं काम एवढंच होतं: तरुण पोरांनी आवळलेल्या बंधावर अंगठा दाबून बघायचा. अंगठा आत गेला की तो काही न बोलता मान हलवायचा आणि पोरं निमूटपणे बंध सोडायची.

बोरू कुठून आणतात, हे विचारल्यावर शेडमध्ये हशा पिकला. जुन्या काळी तो रात्री दुसऱ्याच्या काठावरून चोरून आणायचा, असाच रिवाज होता म्हणे. विकत घेतलेल्या किंवा मागून आणलेल्या बोरूची फार्किया ती काय फार्किया! हे ऐकून मला हसू आवरेना. आमच्या साताऱ्याकडच्या गावात होळीच्या आदल्या आठवड्यात लोक आपापली मोडकी दारं, फाटकं आणि गोवऱ्या घरात उचलून ठेवायचे, तरी एखाद्याचा दांडा जायचाच. आणि ज्याचा गेला तो होळीपुढं उभा राहून सगळ्यांबरोबर बोंब मारायचा. तक्रार कुणी करत नसे. देवाच्या आगीला दिलेलं सरपण चोरीचं ठरत नाही, हा कायदा दोन्ही गावांनी एकमेकांना न विचारता केलेला.

सोळा तारखेला दुपारपासून फार्किए, म्हणजे या मोळ्या, निघतात. काही ट्रॅक्टरवर, काही अजूनही खांद्यावर. पुढं ‘दू बोत्त’ हा आब्रुत्सोचा छोटा, बटणांचा अॅकॉर्डियन आणि संताचं गाणं. या गाण्यात संत आणि सैतान यांची भांडणं चालतात. त्या आधीचे काही दिवस पोरं संत आणि सैतानाची सोंगं घेऊन दारोदार तेच भांडण वठवत फिरतात, आणि घरातली माणसं त्यांना सॉसेज, वाईन नाहीतर अंडी देतात. मैदानात पोचल्यावर दोर आणि शिड्या लावून मोळी उभी करायची. हा वेळ मात्र काळजाचा ठोका चुकवणारा. एकीकडून दोर ओढणारे, दुसरीकडून सैल सोडणारे आणि मध्ये ओरडून हुकूम देणारा एकच माणूस. अंधार पडायच्या सुमाराला शेंडे पेटतात. बोरू आतून पोकळ, त्यामुळं तो नुसता जळत नाही, फटाफट फुटतो. ठिणग्या गर्दीवर येतात आणि कुणी बाजूला होत नाही.

मैदानात ही ठिणग्यांची ओळ उभी राहिली, की नोन्नांची गोष्ट खरी की खोटी हा प्रश्नच उरत नाही. रान पेटलेलं समोर दिसत असतं. पण नंतर घरी येऊन पुस्तकं उघडली की तो प्रश्न परत येतो.

1799 खोटं नाही. 1798 च्या डिसेंबरात फ्रेंच फौजा आब्रुत्सोत उतरल्या, पेस्काराचा किल्ला नाताळाच्या आदल्या दिवशी जनरल द्युएमच्या हाती पडला. नेपल्सचा राजा फेर्दिनांद ब्रिटिश आरमारी सेनानी नेल्सनच्या जहाजातून पालेर्मोला पळून गेला, आणि जानेवारी सरता सरता नेपल्समध्ये फ्रेंचांच्या आधारानं प्रजासत्ताक उभं राहिलं. राजा पळाला पण शेतकरी पळाले नाहीत. आब्रुत्सोत गावोगावी लोक विळे-कोयते आणि शिकारीच्या बंदुका घेऊन उठले. त्यांच्या म्होरक्यांपैकी जुझेप्पे प्रोनिओ हे नाव आजही तिथल्या इतिहासात येतं. फ्रेंचांनी या उठावांचा सूड घेतला. फाराच्या डोक्यावर टेकडीवर बसलेलं ग्वार्दियाग्रेले त्या हिवाळ्यात त्यांनी लुटलं, माणसं मारली. म्हणजे फाराच्या लोकांनी शेजारच्या गावाचा धूर डोळ्यांनी पाहिलेला असणार. पुढचा नंबर आपला, या भयानं काढलेल्या रात्री खऱ्या आहेत. फ्रेंच फारात आले नाहीत हेही गाव पिढ्यान् पिढ्या सांगत आलं आहे. का आले नाहीत, याचं कारण मात्र गावानं आपल्या मनानं दिलं.

आणि ते कारण हाताशी तयार होतं. कारण आग आधीपासूनच होती. 16 जानेवारीच्या रात्री या संताच्या नावानं जाळ करायची रीत सबंध इटलीभर आहे, आणि जिथं फ्रेंचांचा काही संबंध नाही अशा गावांतही ती आहे. इटलीच्या बुटाच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतात लेच्चेजवळ नोवोली नावाचं गाव आहे. तिथं द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या हजारो जुड्या रचून जवळजवळ 25 मीटर उंचीचा ढीग उभा करतात आणि त्याच रात्री पेटवतात. तिथल्या लोकांनी या संताला गावाचा पालक म्हणून मागून घेतलं ते 1664 मध्ये. सार्डिनिया बेटावर तर गोष्टच वेगळी: पूर्वी जगात आग नव्हती, माणसं गारठून मरत होती. आंतोनियो आपलं डुक्कर घेऊन नरकाच्या दारात गेले. डुकरानं आत शिरून असा काही धुमाकूळ घातला की सैतानांनी ‘ये बाबा, तुझं जनावर आवर’ म्हणून संतालाच आत बोलावलं. संतांनी हातातली काठी निखाऱ्यांत टेकवली. काठी होती बडीशेपेच्या जातीच्या रानझाडाची. तिचा गाभा आतल्या आत धुमसत राहतो, बाहेरून कळत नाही. बाहेर येऊन त्यांनी ती हवेत फिरवली, आणि जगाला आग मिळाली.

मूळ माणूस बिचारा इजिप्तच्या वाळवंटातला. राजे, सैन्य, जाळपोळ यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. आंतोनियो एकांतात राहणारा तपस्वी. त्याचं चरित्र अथानासियस या बिशपनं लिहिलं, आणि त्यात तो 105 वर्षं जगल्याचं सांगितलं आहे. मृत्यू सन 356 चा. (आपल्याकडे गोव्यात आणि वसईत बाळ येशूला कडेवर घेतलेला जो संत आंतोन घरोघरी असतो तो हा नव्हे. तो पादुआचा, जवळपास नऊशे वर्षांनंतरचा.) आगीशी याचं नातं जडलं ते एका रोगामुळे. राय नावाच्या धान्याला बुरशी लागली आणि त्याचा पाव खाल्ला की हातपाय जळजळून काळे पडायचे, झडायचे. मध्ययुगात युरोपात या दुखण्यानं गावंच्या गावं अपंग झाली. या संताच्या नावानं निघालेल्या एका संन्यासी संघानं रुग्णांसाठी दवाखाने काढले. तिथं डुकराची चरबी लेप म्हणून लावायचे. त्यासाठी पाळलेली डुकरं गळ्यात घंटा बांधून गावात मोकळी हिंडत, त्यांना कुणी हटकत नसे. त्या आजाराला नाव पडलं संत आंतोनियोची आग. इटलीत आज नागिणीलाही तेच नाव आहे. डुक्कर मागोमाग आलं म्हणून संत सगळ्याच जनावरांचा वाली झाला. सतरा तारखेला गायी, गाढवं, कुत्री चर्चपुढं आणून त्यांना आशीर्वाद देतात. आदल्या रात्री गोठ्यात जनावरं माणसासारखी बोलतात आणि ती ऐकायला जाऊ नये, ही समजूतही त्यातलीच. नोन्नांच्या गावातला कुणीएक शेतकरी ऐकायला गेला होता म्हणे. त्याचे दोन बैल बोलत होते, ‘उद्या काय काम आहे रे?’ ‘उद्या मालकाची शवपेटी ओढायची आहे.’

नोन्नांच्या एवढ्या साऱ्या गोष्टी ऐकल्यावर मी त्यांना जो प्रश्न बरेच दिवस मनात होता तो विचारला. 1943 च्या हिवाळ्यात जर्मन इथं होते. ओर्सोन्या आणि ग्वार्दियाग्रेलेच्या पट्ट्यात आघाडी महिनोन् महिने अडकून पडली होती. मग तेव्हा संत आले नाहीत?

नोन्नांनी लाटणं खाली ठेवलं. ‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘जर्मन मी पाहिलेत.’

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यात ना पांढरी दाढी होती, ना हात वर करणारा जनरल. गाय नेतील म्हणून वडिलांनी तिला तळघरात उतरवलं होतं. ती हंबरू नये म्हणून आठ-नऊ वर्षांची नोन्ना रात्रभर तिच्या तोंडाशी पेंढ्याची मूठ धरून बसायची. गाय शेवटी नेलीच. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, हातवारे झाले नाहीत. तीन चाळण्यांची गरजही पडली नाही, वाक्यं इतकी लहान होती.

मला वाटतं, दंतकथा व्हायला आधी साक्षीदार संपावे लागतात. आब्रुत्सोत 1943 चे साक्षीदार अजून आहेत. 21 नोव्हेंबर 1943 ला पिएत्रांसिएरीत जर्मनांनी 128 माणसं मारली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. माघार घेताना त्यांनी सांग्रो नदीच्या वरच्या अंगाची गावं सुरुंग लावून पाडली. मारलेल्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत आणि त्या घरांतली माणसं अजून बाजारात भेटतात. त्यांच्यासमोर ‘संत आले आणि रान पेटलं’ असं कुणी म्हणू शकत नाही. अजून शंभर वर्षांनी म्हणतील कदाचित.

आमच्या घरातही असा एक पुराणिक होता. माझे आजोबा फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये तारांतोला उतरली तिच्यात त्यांची पलटण होती. लहानपणी होळी रचताना ते हमखास इटलीवर यायचे. त्यांच्या तोंडी कधी मुसोलिनी आला नाही की हिटलर आला नाही. त्यांच्या लेखी युद्ध होतं चिखलाशी आणि सांग्रो नावाच्या नदीशी. मी अगदी लहान असताना सांग्रो त्यांच्या कंबरेपर्यंत होती. मी शाळेत गेले तेव्हा ती छातीला लागली. मी मॅट्रिकला बसले तोवर तिनं पूलच्या पूल उचलून नेले होते आणि खेचरं पोहत होती. माझे काका मागं उभं राहून डोळे मिचकावायचे. पुढं लढाईचे अहवाल वाचले तर त्यात हेच लिहिलेलं: नोव्हेंबरात पाऊस लागला, सांग्रो रात्रीतून कित्येक फूट चढली, इंजिनिअरांनी टाकलेले पूल वाहून गेले, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचा हल्ला पुढं ढकलावा लागला. शेवटी महिन्याच्या अखेरीस आठव्या डिव्हिजननं नदीपलीकडचं मोत्साग्रोन्या घेतलं. आजोबांची नदी वर्षागणिक चढत गेली, ती खऱ्या पातळीला जाऊन पोचली एवढंच.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी वाढवली नाही. होळीला ओलं लाकूड कुणी आणलं तर ते काढून फेकायचे. पोरांच्या अंगावर ओरडायचे. एकदा आजीनं विचारलं, एवढं काय त्यात? तेव्हा म्हणाले, ‘आपली पोरं जाळली तेव्हा लाकूड ओलं होतं.’ किती पोरं, कुठं, कुणाच्या गावची, हे त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. दर होळीला तेच एक वाक्य. कंबरेवरून छातीवर ते कधी आलं नाही.

त्या वाक्यातली माणसं कुठं आहेत हे मला इटलीला गेल्यावर समजलं. फारापासून पूर्वेला, समुद्राच्या जवळ, तोरिनो दी सांग्रो इथं राष्ट्रकुलाची युद्ध-दफनभूमी आहे. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा. त्यात एक स्मारक दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं आहे. इटलीत अशी तीन आहेत, त्यांतलं हे एक. 500 हून अधिक नावं. ज्यांना पुरायचं नव्हतं, ज्यांना त्यांच्या सोबत्यांनी त्या पावसात, त्या चिखलात जमेल तसं सरपण गोळा करून अग्नी दिला, ते हे लोक. मी आजोबांच्या सोबत्यांपैकी कुणाचंच नाव जाणत नव्हते, त्यामुळं शोधण्यासारखं काही नव्हतं. सगळीच वाचली.

नोन्नांना मी या स्मारकाबद्दल सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं, पण भारतीय शिपाई ठाऊक होते. जर्मन गेल्यावर लांचानोच्या मावशीकडून ऐकलेले: फेटे बांधलेली माणसं, खेचरं, आणि तव्यावर भाजायची सपाट भाकरी. त्या मावशीला एका शिपायानं तशी भाकरी दिली होती. नोन्ना म्हणाल्या, ती पाव नव्हती, पण गरम होती. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी कपाट उघडून एक अर्धवट जळलेला बोरूचा तुकडा काढला. फार्किए विझल्यावर उरलेले बुडखे वाड्यांत परत नेतात आणि लोक त्यातला तुकडा घरात ठेवतात, घराचं भलं होतं म्हणून. हा तुकडा कुठल्या सालचा, ते त्यांनाही सांगता येईना.

फाराला जायचं असेल तर 17 नव्हे, 16 जानेवारीला जा आणि दुपारी दोनच्या आत पोचा. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. चांगला कोट घालू नका, ठिणग्यांनी भोकं पडतात. सांग्रोची दफनभूमी तिथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे, ती दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. आणि तुमच्या घरातलं कुणी त्या युद्धात इटलीला गेलं आणि परत आलंच नाही असं असेल, तर निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव शोधा. गाव, वडलांचं नाव, पलटण, जे हाती असेल ते घेऊन बसा. आडनावाचं रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघावं लागेल, कारण पलटणीतल्या कारकुनांनी मराठी नावं कानावर पडली तशी उतरवली आहेत.